झाकणताईची पारदर्शक पट्टी

झाकणताईसमोर कोणी "अंतराळात नेलं की सगळं फटकन फुटतं" असं म्हटलं, की त्याची खैर नसे. हातातलं काम बाजूला ठेवून ती त्याला समोर बसवायची आणि विचारायची, "तुझ्या गाडीच्या टायरात हवा किती असते? बाहेरच्या तिप्पट ना? मग तो उठसूट फुटतो का रे?" समोरचा नाही म्हणायचा. "मग तो वर नेला तर काय होईल? बाहेरून दाबणारी एकपट हवा तेवढी जाईल. टायरला त्याचं काय पडलंय! आमच्या यानातली वायूची गोल टाकी आतून दोनशेपट दाब घेऊन बसलेली असते. तिला दोनशे काय नि दोनशे एक काय!" एवढं झालं की ती चष्मा वर सरकवायची आणि आवाज जरा खाली आणायची. "पण चपटा डबा फुगतो. पातळ झाकणाचा, चौकोनी, नाक बंद केलेला डबा. त्याला मात्र भ्यायचं."

हा तिचा रोजचा उद्योग होता म्हणून तिला ठाऊक. अंतराळयानात जी उपकरणं जातात त्यांचे डबे बंद करण्याचं काम तिने एकतीस वर्षं केलं. त्याआधी ती औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावायची. तिथून इथे आली तेव्हा मुलाखतीत विचारलं होतं, "अनुभव काय?" ही बिनधास्त म्हणाली, "झाकणं." साहेब लोक हसले, पण घेतलं तिला, आणि तेव्हापासून ती झाकणताई झाली. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. तिच्या सासूनेसुद्धा एकदा फोनवर "झाकणताई आहे का?" असं विचारलं होतं, आता बोला.

डबा दिसायला साधा. वीतभर लांब, त्याहून थोडा अरुंद, ॲल्युमिनियमचा. आत विजेची नाजूक पाटी, वर एक मिलिमीटर जाडीचं झाकण, झाकणाखाली रबराचं कडं, आणि बारा स्क्रू. अशा बंद डब्यात जमिनीवरची हवा तशीच राहिली आणि डबा पोकळीत गेला, तर ती हवा त्या एवढ्याशा झाकणाला तीनशे किलोचा रेटा देते. म्हणजे चार धट्टेकट्टे बाप्ये आत शिरून झाकणाला खांदा लावून उभे आहेत असं समजा. इथे खाली बाहेरची हवाही तितक्याच जोराने दाबत असते, म्हणून काही कळत नाही. तर ती आतली हवा हळूहळू निघून जावी यासाठी प्रत्येक डब्याच्या कुशीला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव आहे, पण कार्यशाळेत सगळे नाकपुडी म्हणतात.

टेबलावर काम चालू असताना त्या नाकपुडीत धातूचा कीस जाऊ नये म्हणून तिच्यावर पिवळी चिकटपट्टी लावायची. पुढच्या दालनात डबा यानात बसला की झाकणताईने स्वतः जायचं, पट्टी काढायची, आणि तीच पट्टी नोंदवहीत त्या डब्याच्या पानावर, ठरलेल्या चौकोनात चिकटवायची. शेजारी बरोबरची खूण आणि सही. कोणी नुसतं तोंडाने "काढली हो" म्हटलेलं तिला चालायचं नाही. एकतीस वर्षांच्या वह्या उघडल्या तर पानापानावर पिवळे तुकडे दिसायचे.

निवृत्तीला आठ दिवस उरले होते. कार्यभार सोपवायचा म्हणून ती सकाळपासून वह्या लावत बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण एकेक पान उलटून बघत होती, कारण स्वभावच तसला. शेवटच्या वहीत सातव्या डब्याचं पान आलं. खूण होती, सही होती. चौकोन कोरा होता.

आधी वाटलं, पट्टी गळून पडली असेल. तिने वही झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं. कोऱ्या चौकोनात डिंकाचा डागसुद्धा नव्हता, म्हणजे तिथे कधी काही चिकटलंच नव्हतं. मग तिने तारीख वाचली आणि तो दिवस आठवला. त्या दिवशी पिवळं रीळ संपलं होतं. कोठारवाला जेवायला गेला होता, म्हणून तिने खणातल्या पारदर्शक रिळातला तुकडा कापून लावला होता. चार दिवसांनी ती पुढच्या दालनात गेली, यानात वाकून पाहिलं, पिवळं काही दिसलं नाही. तिला वाटलं, आपण मघाशीच काढली, पट्टी टेबलावर राहिली, जाऊन चिकटवू. खूण केली आणि निघाली. पिवळं बघायची सवय डोळ्यांना, डोळ्यांनी पिवळं नाही म्हटलं, आणि हाताने सही ठोकली!

यान केव्हाच ट्रकवर चढून उड्डाणतळावर पोचलं होतं. त्याचं बाजूचं दार उद्या दुपारी चारला कायमचं बंद होणार होतं, तशी सूचना बाहेर फळ्यावरच लिहिलेली होती. आणि सातव्या डब्याच्या झाकणापासून अवघ्या तीन मिलिमीटरवरून इंधनाची बारीक नळी जात होती. झाकण फुगलं तर थेट नळीवर.

कोणाला काही न बोलता ती फाटकाबाहेर पडली आणि दोन चौक चालून नवऱ्याच्या दुकानावर गेली. त्याचं पंक्चर काढायचं दुकान. तो बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. भर सकाळी बायको दारात बघून तो म्हणाला, "आठ दिवस आधीच हाकलून दिलं की काय?"

"अहो, थट्टा नको. माझ्या हातून घोटाळा झालाय." तिने सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि आपल्या परीने धीर द्यायला लागला. "अगं, माझ्या टायरात बघ केवढी हवा असते. तुझ्या डब्यात मेली एकपट. काही होत नाही."

"टायर गोल असतो, जाड असतो! माझा डबा चपटा आहे. जगाला शिकवते मी हे, आणि तुम्ही मलाच टायर सांगा!"

"बरं बाई, चपटा तर चपटा. पण पट्टी सुटूनही जाईल की आपली आपण. आतून हवा ढकलणारच तिला."

"जाईलही. नाहीही जाणार. भोक केवढुसं आहे, त्याच्यावर रेटा तो कितीसा येणार? मला नाही सांगता येत." ती लाकडी बाकावर बसली. "आणि नाही सांगितलं तर कोणाला कळणारही नाही. वहीत माझीच सही आहे. वर जाऊन कोण बघणार आहे?"

नवऱ्याने ट्यूब बादलीबाहेर काढली आणि हात पुसले. "हे बघ. एखाद्याच्या चाकाचे नट आवळले की नाही हे मला आठवत नसलं ना, तर मी स्कूटर काढतो आणि गिऱ्हाइकाच्या मागे सुटतो. नाक्यावर गाठतो त्याला, शिव्या खातो, आणि नट बघतो. तुझं गिऱ्हाईक उद्या चारपर्यंत जमिनीवर आहे. पळ."

ती उठली. दुकानापासून फाटकापर्यंत ती खरोखरच पळाली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पदर खोचून.

कार्यशाळेच्या प्रमुख होत्या मॅडम. वयाने झाकणताईपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण जिभेला धार. नव्या होत्या तेव्हा पहिला डबा बंद करायला झाकणताईनेच शिकवलं होतं त्यांना. वही समोर ठेवून ताईने एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, तुम्ही? अहो दुसरं कोणी असतं तर मी समजू शकले असते! पारदर्शक पट्टी? नाकपुडीवर?"

"हो."

"आणि खूण केलीत."

"केली."

मॅडम खुर्चीतून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. आता बोलणी बसणार म्हणून झाकणताई मान खाली घालून उभी राहिली. मॅडमनी नुसता फोन उचलला. गंमत अशी, की नेमक्या त्याच क्षणी झाकणताईला बरं वाटायला लागलं. काहीच निस्तरलं नव्हतं, पण सकाळपासून छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होत होतं ते उतरलं. आता ते एकटीचं राहिलं नव्हतं.

तळावरच्या लोकांनी मात्र सहजासहजी ऐकलं नाही. सातव्या डब्यापर्यंत हात न्यायचा तर वरची एक फळी उतरवायला हवी, चार तासांचं काम, आणि त्यात भलत्याच कशाला धक्का लागायची भीती. "पट्टी सुटून जाणारच असेल तर आम्ही उगाच कशाला उघडायचं?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं, की या सातव्या डब्याचा जुळा डबा कार्यशाळेत आहे. त्याच्या नाकपुडीवर तशीच पट्टी लावायची, हंड्यात ठेवायचा, आणि काय होतं ते कळवायचं. झाकण फुगलं तर ते फळी उतरवणार. पट्टी सुटली तर नाही.

हंडा म्हणजे तळघरातली पोलादी टाकी. माणूस उभा राहील एवढी, समोर जाड काचेची खिडकी. पंप लावून तिच्यातली हवा ओढून घेतली की आत अंतराळासारखी पोकळी होते. तो चालवणारा हंडेवाला पंधरा वर्षं झाकणताईच्या डब्यातलं जेवण हक्काने मागून खात आलेला.

दुपारी तीनला जुळा डबा टेबलावर आला. पारदर्शक पट्टी कापून दिली गेली. ती लावायची कोणी, हा प्रश्नच नव्हता. जशी त्या दिवशी लागली तशीच लागायला हवी, आणि तो हात एकच.

मॅडम फोन घ्यायला जरा बाजूला गेल्या, तसा हंडेवाला हळूच तिच्या कानाशी आला. "ताई, जरा सैल लावा. अंगठा दाबूच नका. दोन मिनिटांत सुटेल, आपण सगळे सुटू. आठ दिवसांनी तुमचा निरोप आहे, कशाला डाग लावून घेता?"

माणूस वाईट नव्हता तो. जिवाला लागलं म्हणूनच बोलला. आणि झाकणताईच्या मनात ते आलं नव्हतं असं थोडंच आहे! पट्टी हातात धरून ती उभी होती. हलक्या हाताने टेकवली, तर जगात कोणालाही कळलं नसतं. चाचणी पार, फळी जागच्या जागी, ताईंचा सत्कार, नारिंगी हार, छानसं भाषण. आणि मग यान वर गेल्यावर ती दर दिवशी आभाळाकडे बघून विचार करणार, सुटली असेल का? फुगलं असेल का?

"तू पंपाकडे जा बघू," ती म्हणाली.

तिने पट्टी नाकपुडीवर ठेवली. अंगठा मधोमध रोवून दाबला, मग उजवीकडे घासला, मग डावीकडे, आणि शेवटी एक कोपरा जरासा दुमडून बाकीच्या कडा नखाने बसवल्या. एकतीस वर्षं हे ती असंच करत आली होती. तिच्या हातची पट्टी उगाच निघत नाही, अशी ख्यातीच होती. आज त्या ख्यातीचा तिला जरा रागच आला.

डबा हंड्यात गेला. दार लागलं, पंप घरघरायला लागला. यान वर चढताना बाहेरची हवा दोनेक मिनिटांत संपत जाते, त्याच चालीने हंड्यातली हवा ओढायची होती. तिघंही खिडकीशी दाटीवाटीने उभी राहिली. झाकणावर एक फूटपट्टी आडवी ठेवली होती, म्हणजे झाकण जरा जरी वर आलं तरी ती डुगडुगणार, आणि शेजारी किती वर आलं ते दाखवणारं काट्याचं मापक होतं.

अर्धं मिनिट काहीच नाही. मग नाकपुडीवरच्या पट्टीला इवलासा फोड आला, भाजल्यावर बोटाला येतो तसा.

"सुटतेय, सुटतेय!" हंडेवाला कुजबुजला.

सुटली नाही. फोड तसाच राहिला. आणि झाकणावरची फूटपट्टी एका बाजूला कलली. झाकणाचं पोट वर येत होतं, आधी दिसेल न दिसेल असं, मग चांगलं ठसठशीत. मापकाच्या काट्यावर आकडा चढत गेला: एक मिलिमीटर, दोन, तीन. तीनला नळी असते. काटा तिथे थांबला नाही. तो पाचच्या जवळ जाऊन स्थिर झाला.

हंडेवाल्याने पंप बंद केला. हवा आत सोडल्यावरही झाकण पुरतं खाली बसलं नाही, पोट राहिलंच.

"फुगला," झाकणताई म्हणाली, आणि तिने मोठ्ठा श्वास सोडला. मॅडमनी चमकून तिच्याकडे पाहिलं. बाईचा चेहरा मोकळा झाला होता. "आता त्यांना उघडावंच लागेल, मॅडम. कळवा त्यांना."

मॅडमनी कळवलं. फोन ठेवून त्या परत आल्या, फुगलेल्या डब्यावरून बोट फिरवलं, पट्टीची कड नखाने उचकून बघितली. हलली नाही. "केवढी घट्ट लावलीत हो," त्या एवढंच म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे, कारण लगेच त्यांनी हंडेवाल्याला "दार काय उघडं टाकलंय!" म्हणून झापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तळावरून फोन आला. मॅडमनी तो टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडे फळी उतरवून झाली होती आणि एक जोडारी कोपरापर्यंत हात यानात घालून बसला होता. आवाजावरून पोरगेलासा नव्हता, चांगला मुरलेला माणूस वाटला.

"भोक लागलं बोटाला," तो म्हणाला. "पण बाई, इथे काही नाहीये. गुळगुळीत आहे."

मॅडमनी झाकणताईकडे पाहिलं. नाहीये? मग एवढा सगळा खटाटोप? झाकणताई फोनशी वाकली. "दादा, भोकात बोटाचं टोक शिरतंय का?"

"भोक बारीक आहे हो, बोट कसं शिरेल!"

"नख शिरतंय का?"

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "नाही. नख घसरतंय."

"मग ती आहे. गुळगुळीत लागतंय ना, तीच पट्टी. दिसणार नाही, आरसा घालून पाहिलंत तरी नाही. आता असं करा, बोट भोकावरून खाली आणि तुमच्या डाव्या अंगाला न्या. तिथल्या कोपऱ्याला मी पट्टीची कड जराशी दुमडून ठेवते, नेहमीच. लागली का?"

"नाही... थांबा. हां, लागली. जाडसर लागतंय काहीतरी."

"तिला चिमटा लावा. ओढू नका लगेच. आधी वर उचला, आणि मग भोकाच्या दिशेने सावकाश सोलत या. झटका देऊ नका हं, दादा."

मॅडम उभ्याच राहिल्या होत्या. हंडेवाल्याने टेबलाची कड धरली होती. फोनमधून माणसाचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही.

"आली!" जोडारी ओरडला. "आली हो बाई, अखंड आली! चिमट्यात आहे माझ्या! नख शिरतंय आता भोकात!"

हंडेवाल्याने टेबलावर जोरात हात आपटला. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. झाकणताईचा जीव भांड्यात पडला. तिने फोनलाच हात जोडले. "देव तुमचं भलं करो, दादा."

"फळी लावतो आता, चारच्या आत होईल. नोंदीत कारण काय लिहू?"

मॅडम पुढे सरकल्या. "लिहा, अंतिम फेरतपासणीत आढळलं..."

"नाही," झाकणताई म्हणाली. "दादा, लिहा. डबा बंद करणारीने पिवळ्याऐवजी पारदर्शक पट्टी लावली, आणि काढताना पिवळी शोधली. तसंच लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल काय शोधायचं ते."

साडेचारला तळावरून निरोप आला, दार बंद झालं. पाचला ती फाटकाबाहेर आली तर नवरा स्कूटर घेऊन उभा. या वेळी त्याचं दुकान कधी बंद नसायचं. तिला बघून त्याने नुसती मान उंचावली.

"निघाली हो पट्टी," ती म्हणाली. "दारही लागलं. आता काही नाही."

"मी म्हटलं नव्हतं? उगाच घाबरतेस," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारायला गेला. पाय घसरला. परत मारली, परत घसरला.

"अहो, जेवलात का तुम्ही आज?"

"नाही."

"आणि काल?"

त्याने स्कूटर स्टँडवर लावली, सीटला टेकला, आणि भर रस्त्यात तोंडावर रुमाल धरून हुंदके द्यायला लागला. झाकणताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडा," ती म्हणाली, "सगळं बाहेर येऊ दे." मग तिलाही राहवलं नाही, आणि येणारे-जाणारे बघत होते तरी दोघं तिथेच उभ्या उभ्या मनसोक्त रडली.